वादातला बांध

(दृश्य: पहाट. अमळनेर तालुक्यातली कपाशी. विहिरीवर वाकलेली बाभूळ.)

या फांदीला लटकलेला खोपा नीट बघा. अर्धाच आहे, खालून उघडा. आपण सुगरण म्हणतो, पण विणकाम सगळं नराचं. एवढं विणून झालं की तो पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती आत शिरते, धागे ओढून बघते. पसंत पडलं तर पुढचं बांधकाम, नाहीतर काम तिथंच थांबतं.

आत ओल्या मातीचे गोळे थापलेले दिसतात. लहानपणी आम्हाला सांगायचे, सुगरण त्या मातीत काजवा चिकटवते, पिलांना उजेड म्हणून. तसं काही नसतं. पण ज्यानं कोणी ही गोष्ट रचली, त्याच्या अंगणात खोपेही होते आणि काजवेही, एवढं नक्की.

शेजारच्या शेतातले बाबा विहिरीकडे हात करून म्हणाले, "पहिले आठे रांगमा खोपा राहेत भाऊ. आते हाऊ एकच."

सुगरण दाणे खाते, चिमणीही खाते. पिलं मात्र नुसत्या दाण्यांवर वाढत नाहीत. सुरुवातीला त्यांना मऊ अळी लागते, नाकतोडा लागतो, कोळी लागतो. वटवट्या, शिंपी, दयाळ, कोतवाल यांचं तर घर बहुतांशी किड्यांवरच चालतं. तेव्हा पक्षी कुठे गेले हे विचारायचं, तर आधी किडे कुठे गेले ते बघावं लागतं.

(दृश्य: तळहातावर रंगवलेली सरकी.)

सरकीचा मूळ रंग असा नसतो. पाकिटात भरण्याआधीच बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिड. रोप ते मुळातून ओढतं, पानापानात पोचवतं. मावा, तुडतुडे पानाचा रस शोषायला बसतात आणि मरतात. पण रोपाच्या वाट्याला यातलं थोडंच जातं. उरलेलं मातीत राहतं, पाऊस झाला की नाल्यात उतरतं.

नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी पाण्यातलं इमिडाक्लोप्रिड आणि पक्ष्यांची संख्या शेजारी शेजारी मांडून पाहिली. २०१४ साली निष्कर्ष आला. जिथं एका लिटर पाण्यात २० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त औषध होतं, तिथं किडे खाणारे पक्षी दरवर्षी सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. २०१८ मध्ये युरोपियन युनियननं या जातीच्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

आपल्याकडे २००२ साली बीटी कपाशी आली, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे खरं. पुढे रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, गुलाबी बोंडअळी परत आली, आणि पंप पुन्हा पाठीवर चढला.

(दृश्य: ट्रॅक्टर. दोन शेतांमधली मातीची बारीक रेघ.)

हा बांध आहे. असं सांगावं लागतंय.

बैल होते तोवर बांधावरच्या गवताला किंमत होती. गवत, बोर, हिवर, तरवड, रुई. त्या रुईच्या पानावर बिबळ्या कडवा या फुलपाखराची काळी-पिवळी पट्ट्यांची अळी. बैल गेले, तसं गवत नुसती अडचण ठरलं. शेणही गेलं, शेणकिडेही. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. एका तणनाशकात दोन दिवसांचं काम उरकतं. त्या गवताबरोबर अळ्यांचं खाणंही जळतं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

(दृश्य: रात्र. खांबावरचा पांढरा दिवा, भोवती पतंग.)

काजव्याचा नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. या उजेडात दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही.

जर्मनीत ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षं जाळी लावून उडते किडे पकडले, त्यांचं वजन केलं. वजन ७६ टक्क्यांनी घटलेलं निघालं. हे आकडे राखीव जागांमधले आहेत, कपाशीतले नव्हेत. भारतातल्या पक्ष्यांचा २०२३ चा अहवालही हेच सुचवतो: मोर आणि कोकीळ वाढताहेत, माळरानावरचे आणि किडे खाणारे पक्षी घटताहेत. तारेवर बसणारा नीलकंठही त्या यादीत आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच.

(दृश्य: सकाळ. दोन शेतांमध्ये झुडपांची दाट पट्टी.)

या शिवारात असा एकच बांध सापडला. बोरी माजल्यात, गवत कंबरेएवढं. कॅमेरा लावून तासभर बसलो. वटवट्याची जोडी चोचीत हिरव्या अळ्या घेऊन सारखी आत-बाहेर करत होती, आणि नर मध्येच शेंड्यावर येऊन गात होता.

हा बांध कोणी हौसेनं राखलेला नाही. दोन भावांचा हद्दीवरून वाद आहे, प्रकरण कोर्टात गेलंय, म्हणून कोणी हात लावत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.