सूड, वंशावळ आणि ३२ पानं

श्रोतेहो, नमस्कार. घराण्याचा सूड आणि आपल्या पूर्वजांचा शोध, अशी चित्रकथा मराठीत काढायची ठरवलीत तर पुण्यात बसून विषयाची चणचण पडायची नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, ते आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. पण नवख्या चित्रकारानं त्या वाटेला जाऊ नये. शेवट वाचकाला पाठ असतो. त्यापेक्षा एखाद्या गावच्या पाटीलकीचं भांडण घ्या. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, थोरली पाती (घराण्याची शाखा) कोण आणि धाकटी कोण, यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटलेली आहेत. चित्रात दाखवायला ही कारणं फार चांगली. वेस, बैल, हलगी आणि आडवा आलेला चुलतभाऊ एवढं एका चौकटीत मावतं.

या भांडणांचे कागद असत. दोन्ही पक्ष आपापली बाजू सांगणारा करीना लिहून देत, मग गोतसभा, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांची सभा, बसे, आणि निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसह लिहिलेला कागद, होई. महजरावर लोक आपापली निशाणी करत: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. चित्रकाराला आयतं मिळालेलं आहे हे! मात्र करीना हा एका पक्षाचा कागद असतो, तो खरं सांगेलच असं नाही. सूडाच्या कथेचा सगळा डोलारा यावर उभा करता येतो.

कथा अशी धरू. कसबा पेठेतला जुना वाडा पाडायला काढलाय. पेटीत एक मोडी कागद सापडतो. घरात ऐकीव गोष्ट आहे की थोरल्या पातीच्या विठोजीनं आमचा पूर्वज मारला. नायक त्या पातीच्या आजच्या वारसांच्या मागे लागतो. आता अडचण बघा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे वंशावळीत ‘विठोजी बिन राणोजी बिन विठोजी’ असं येतं; ‘बिन’ म्हणजे मुलगा. विठोजी दोन. एक थोरल्या पातीचा मूळपुरुष, दुसरा त्याचा नातू. या नातवाच्या बापानं, राणोजीनं, वेगळी चूल मांडली आणि तीच पुढे धाकटी पाती झाली. म्हणजे नायकाचंच घर.

मारणारा कोणता विठोजी, ते तारखेवरून ठरतं. जुन्या कागदांत शुहूर सन (तेव्हाच्या दप्तरातली कालगणना) अरबी शब्दांत, एकं आधी अशा क्रमानं लिहीत. ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे. ‘अर्बा’ म्हणजे ४ आणि ‘अर्बैन’ म्हणजे ४०. शुहूर सनाचं इसवी सन काढायला ५९९ मिळवायचे. प्रसंग जानेवारी ते मृग या काळातला असेल तर ६००. तेव्हा ११०४ चे होतात १७०३, आणि ११४० चे १७३९. कागदाच्या कडेला कसर लागून ‘अर्बैन’मधला शेवटचा ‘न’ गेला, मात्रा पुसट झाल्या, पुढे कुणीतरी नक्कल करताना ‘अर्बा’ वाचलं. छत्तीस वर्षं हुकली. आजा आणि नातू यांच्यात तेवढं अंतर सहज असतं. म्हणजे मारणारा आजा नव्हे, नातू: नायकाच्याच घरातला.

हा खुलासा वाचकाला फसवून करू नका. पाचव्या पानावर कागद दाखवताना ती खाल्लेली कड आणि पुसट मात्रा स्पष्ट काढा, मजकुरात अवाक्षर नको. सोळाव्या-सतराव्या पानावर वंशावळ द्या. सेंटर पिनच्या ३२ पानी पुस्तकात ही दोन पानं एकाच सलग कागदावर येतात, त्यामुळे झाड मध्ये तुटत नाही. इतर ठिकाणी जोडचित्र घेतलंत तर घडीत रेषा सरकते आणि तिथला चेहरा बिघडतो. खुलासा सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावर डावीकडे यायला हवा. विषम पानावर ठेवलात तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते आणि सगळी मेहनत वाया. मी तो २४ व्या पानावर ठेवीन. उरलेली आठ पानं नायकानं या माहितीचं काय करायचं यासाठी लागतात, ती दोन पानांत उरकणं हा अशा कथांचा नेहमीचा दोष.

कागद काढताना शाई तपकिरी करू नका. आपली जुनी शाई काजळाची, ती काळीच राहते. पिवळा पडतो तो कागद. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून अक्षरं तिला लटकवलेली असतात, शब्दांत जागा सोडलेली नसते. खालून कॉम्प्युटरचा मोडी फॉन्ट टाकला की जाणकार लगेच ओळखतो. सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुणे पुराभिलेखागारात आहेत. अस्सल कागद बघून मगच पेन्सिल उचला. आणि १८२८ च्या आगीनंतरच्या प्रसंगात शनिवारवाड्याच्या आतला महाल काढू नका. तट आणि दरवाजे ठीक.

दोन विठोजी चेहऱ्यानं सारखे हवेत, नाहीतर घोटाळा पटत नाही. पण वाचकाला खूण हवी. नाकाची ठेवण तीच ठेवा, पागोट्याची बांधणी वेगळी करा. डाव्या-उजव्या गालावरच्या व्रणाचा आधार घेऊ नका, चौकटीत माणूस वळला की तो दिसेनासा होतो.

आता अक्षरं. एका पानावर पाच-सहा चौकटी, संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त नको. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून इंग्रजीच्या हिशेबानं ओळी बसवल्या तर त्या एकमेकींत घुसतात. १२ पॉइंटच्या अक्षराला ओळीतलं अंतर १७ च्या आसपास धरा. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. स्क्रीनवर एकदा बरोबर दिसलं म्हणून पुढच्या मशीनवर दिसेलच असं नाही. छापखान्यात फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून, द्या, मूळ फाइल वेगळी जपून.

मूळ चित्र ए-थ्री कागदावर काढून ए-फोरवर आणायचं असेल तर ते सुमारे ७१ टक्के होतं. ०.३ मिलिमीटरची रेघ ०.२ च्या घरात येते, ०.१ ची तर छपाईत तुटते. रेषाचित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा, चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जादा चित्र, सोडा. घडीमुळे मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये जास्त छाटली जातात, तेव्हा फुगे बाहेरच्या कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. जुन्या काळाच्या पानांना तपकिरी छटा देणार असाल तर मजकूर मात्र निव्वळ काळ्या शाईचाच ठेवा. चार शाया मिळून केलेलं काळं अक्षर रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, जरा हललं की कडेनं रंगीत दिसतं, आणि मग तो ‘अर्बैन’ कोणालाच वाचता येत नाही. नमस्कार.