फॅक्सची किरकिर समजून घेताना

[म्हापशाचा बाजार. पाऊस. झेरॉक्सच्या दुकानातलं फॅक्स यंत्र.]

नंबर लागला की यंत्रातून आधी सूर, मग किरकिर ऐकू येते. ती दोन यंत्रांची बोलणी असतात.

पाठवणारं यंत्र ११०० हर्ट्झचा छोटा सूर थांबून थांबून देत राहतं. पलीकडचं यंत्र २१०० हर्ट्झचा लांब सूर लावून ओ देतं. मग वेग किती, बारकावा किती, चुका दुरुस्त करायच्या का, हे ठरतं. याला हॅन्डशेक म्हणतात. तो फसला तर कागदावरची एक ओळही पुढे जात नाही. पॅनेलवरचे बरेचसे पर्याय म्हणजे याच बोलण्यांतल्या अटी.

'ग्रुप ३' हे फॅक्सचं १९८० साली ठरलेलं आंतरराष्ट्रीय मानक. त्यामुळे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, मडगावहून लिस्बनला फॅक्स जातो. यातली सर्रास आढळणारी यंत्रं सेकंदाला १४,४०० बिटांपर्यंत जातात, 'सुपर जी ३' ३३,६०० पर्यंत. लाइन खराब असेल तर यंत्र आपणहून वेग उतरवतं.

[पावसात भिजलेला टेलिफोनचा खांब.]

पावसाळ्यात तांब्याच्या जुन्या तारांत पाणी मुरतं आणि लाइन खरखरते. अशा वेळी 'ईसीएम', म्हणजे चुका दुरुस्त करायची सोय, चालू ठेवा. बिघडलेला तुकडा तेवढा पुन्हा मागवला जातो. वेळ जास्त लागतो, पण मधल्या ओळी गाळून पान येत नाही.

[एक-चौदाच्या उताऱ्यावर कॅमेरा जवळ.]

आता हा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, बघा. 'स्टँडर्ड'मध्ये उभ्या इंचात साधारण ९८ ओळी टिपल्या जातात, 'फाइन'मध्ये १९६. स्टँडर्डवर पाठवला, तर बारीक सर्व्हे नंबरातला ३ आणि ८ सारखेच दिसू लागतात, मराठी मजकुरातले अनुस्वार उडतात. जमिनीच्या कागदाला फाइनच लावावं. दोन मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत.

पोचपावतीवरच्या 'ओके'वर लोक फार विसंबतात. पलीकडच्या यंत्राने पान घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. तिथला कागद संपला असेल तर पान मेमरीत पडून राहू शकतं. महत्त्वाचं असेल तर फोन करून विचारलेलं बरं. पानाच्या माथ्यावरची वेळही पाठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाची असते. ते चुकीचं लावलेलं असलं तर वेळही चुकीची.

थर्मल रोलवर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो. आपल्या दमट हवेत ही अक्षरं पुसट होत जातात. फॅक्स आला की लगेच झेरॉक्स काढून फाइलला लावा.

[फायबरची वायर, मोडेम.]

फायबरच्या फोनवर फॅक्स मध्येच तुटतो, ही तक्रार हल्ली बरेचदा ऐकू येते. आवाजाचे तुकडे करून पाठवणाऱ्या या लाइनवर एखादा तुकडा उशिरा पोचला तरी यंत्रांचा मेळ सुटतो. सेवा देणाऱ्याला 'टी ३८', म्हणजे अशा लाइनवरून फॅक्स नेण्याचं मानक, चालतं का ते विचारा. चालत नसेल, तर यंत्राचा वेग ९,६०० वर आणून पाहा.