आठच्या शेजारी पाच

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. हिरवी पट्टी सरकत टोकाला पोहोचते.)

शंभर टक्के पूर्ण. ही पट्टी एवढंच सांगते, की व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. बघणाऱ्याला त्यातलं किती कळलं, हे तिला ठाऊक नसतं.

(दृश्य : लॅपटॉप मिटणारे हात. कोरी वही.)

या विद्यार्थिनीनं कालच प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजण्याचा, धडा ऐकलाय. लिहायला बसण्याआधी ती पानाच्या कोपऱ्यात एक आकडा टाकते : ८. धड्यातल्या दहा मुद्द्यांपैकी आठ आठवतील, हा तिचा अंदाज. मग लिहू लागते. सरासरी, फरक, सूत्र... आणि पेन थांबतं. फरकांचा वर्ग का करायचा? ऐकताना तर अगदी सरळ वाटलं होतं.

हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलेलं नाही. पेन अडलंय तिथेच तिचं मूल्यमापन चाललंय, आणि ते करणारी तीच आहे. इथे कुणी घाईनं उत्तर पुरवू नये, असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं.

(दृश्य : लाल पेन.)

आता धडा पुन्हा उघडायचा. सुटलेलं सगळं लाल शाईनं. सरासरीपासूनचे फरक नुसते मिळवले तर धन आणि ऋण एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य येते. म्हणून वर्ग. पान बरंच लाल झालंय. आठच्या शेजारी ती लिहिते : ५.

नुसतं वाचून असा अंदाज का फसतो? २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून तीनदा आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला पुढे किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

ऑनलाइन धड्यात तर मागे जायचं बटण कायम हाताशी, शब्द पडद्यावर. समोरचं ओळखू येतं, आणि तेच आपल्याला येतं असं वाटत राहतं.

(दृश्य : व्हिडिओ थांबतो. पडद्यावर प्रश्न.)

म्हणून हा धडा घेणाऱ्या शिक्षिका दर पाच-सहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवून प्रश्न ठेवतात. त्याला गुण नाहीत. उत्तर लिहायचं आणि शेजारी टिपायचं : खात्री आहे, थोडी आहे, की नाही. खात्रीनं चुकलेली उत्तरं त्या वेगळी काढायला सांगतात, कारण तिथे पुन्हा बघायचं कुणाच्या मनातच येत नाही.

(दृश्य : वहीची पानं उलटतात. कोपऱ्यातले आकडे.)

८ आणि ५. ७ आणि ५. ६ आणि ६. परीक्षेतले गुणही थोडे वाढले.

आज नवा धडा. पान कोरं. कोपऱ्यात : ५.