तीनशे अंशांचा गारवा

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकला की आपण म्हणतो, भट्टी पेटली. अर्धवाहक, म्हणजे वीज अर्धवट वाहणारे पदार्थ, बनवताना आमचे रसायनवाले मात्र 300 अंशांनाही ‘कमी तापमान’ म्हणतात. का, ते सांगतो.

रावेर-यावलकडच्या बागायतदारांनी जरा कान इकडे द्यावा. केळीवरच्या करप्यासाठी मॅन्कोझेबची पिवळसर भुकटी तुम्ही पंपात कालवता. तिचं घराणं डायथायोकार्बामेटचं. तिच्या रेणूतच मँगनीज आणि जस्त गंधकाला बांधलेले असतात. याच घराण्यातलं झिंक डायएथिलडायथायोकार्बामेट रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून कारखान्यात वापरतात. तेच नायट्रोजनमध्ये 300 अंशांच्या आसपास तापवलं, की मागे उरतं झिंक सल्फाइड. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर निळा, हिरवा उजेड द्यायचं तेच अर्धवाहक.

असे पदार्थ बनवायची जुनी रीत कष्टाची. कोरड्या भुकट्या खलायच्या, 800-1000 अंशांच्या भट्टीत ठेवायच्या, काढून पुन्हा खलायच्या, पुन्हा भट्टीत. घन कणांतले अणू जागचे हलायला इतका जाळ लागतो. त्यात गंधक 445 अंशांनाच उकळतं, म्हणजे निसटायला टपलेलंच. शिवाय एवढ्या आचेत कण एकमेकांना चिकटून जाड होतात.

आपल्या रेणूत जस्त-गंधकाचं लग्न आधीच लागलेलं असतं. फक्त कार्बन-हायड्रोजनचं वऱ्हाड वायू करून घरी धाडायचं.

पण वऱ्हाडच ते! काही पाहुणे मुक्कामाला राहतात. माझी पहिली भुकटी पांढरी नव्हे, चुलीतल्या राखेसारखी निघाली होती. आत कार्बन अडकला होता. हवा शिरली, तर ऑक्साइडची भेसळ होते ती वेगळीच.

तापमान तेच, पण रीत वेगळी: 1993 साली रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी आणि सहकाऱ्यांनी डायमिथाइलकॅडमियम आणि सेलेनियम सुमारे 300 अंशांच्या द्रावकात झटक्यात टोचलं. कॅडमियम सेलेनाइडचे जवळपास एकाच मापाचे कण मिळाले: बारीक कण निळसर चमकतो, मोठा तांबडा. 2023 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये बावेंडींचा वाटा आहे तो यासाठीच. डायमिथाइलकॅडमियम मात्र जहरी, हवेत भडकणारं. 2001 मध्ये त्याच्या जागी साधं कॅडमियम ऑक्साइड चालतं हे दिसलं, तेव्हा प्रयोगशाळांनी सुटकेचा श्वास घेतला असणार.

आणि हो, हे ऐकून कुणी फवारणीची पुडी चुलीवर ठेवू नका, भाऊ. त्यातून कार्बन डायसल्फाइडसारखे विषारी वायू सुटतात.