वाटाड्याकडे काय मागायचं?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. शिकारीला जाताना वाटाड्या पैसे देऊन बरोबर घेतला, तर शिकारीतली मजा जाते का? नाशिकात बसून हे बोलायचं म्हणजे जरा धाडसच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडची शिकार आवळत आणली आणि १९९१च्या दुरुस्तीनं परवाना काढून हौसेखातर शिकार करायची उरलीसुरली वाटही बंद केली. आज येवल्याच्या माळावर साधा ससा मारला तरी गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच हवा. तेव्हा कुठली बंदूक चांगली वगैरे सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

प्रश्न मात्र मला खऱ्याखुऱ्या शिकारीबद्दलच आला. माझा एक भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. आपल्या नाशिकच्या सिडकोत वाढलेला पोरगा. तिथं शिकारीला रीतसर परवाना मिळतो, आणि यंदा एल्क मारायला डोंगरात जायचं त्यानं मनावर घेतलंय. एल्क म्हणजे आपल्या सांबराला मागं टाकेल असं दांडगं हरीण. मोठ्या नराचं वजन तीनशे किलोच्या पुढं जातं. फोनवर म्हणाला, "मामा, गाईड केला तर मित्र चिडवतात. म्हणतात, मग ती शिकार तुझी कसली, गाईडची! तू सांग." मी उभ्या जन्मात दुर्बिणीपलीकडं काही रोखलेलं नाही. तरी रानात वाटाड्या घ्यावा की न घ्यावा, घ्यावा तर त्याच्याशी कसं वागावं, यावर माझी मतं आहेत आणि ती मला ऐकवावीशी वाटतात. भाच्यानं फोन ठेवला, तुम्ही रेडिओ बंद करू नका एवढंच.

मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, हे आधी कबूल करू. कळप कुठल्या खोऱ्यात उतरलाय ते गाईडनं हेरायचं, वारा कुठून येतोय ते त्यानं बघायचं, नराचा आवाज काढून त्याला जवळ बोलवायचं, आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून पुटपुटायचं, "हां, आता." मग आपण फक्त बोट ओढायचं आणि फोटोसाठी शिंगं धरून बसायचं. याला आपल्याकडं आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. राजेरजवाड्यांची शिकार तर बरीचशी अशीच होती. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे. चित्त्याला माणसाळवायचा चित्तेवान, त्याच्या डोळ्यावरची पट्टी नेमक्या क्षणी काढायचा चित्तेवान, धावायचा चित्ता. महाराजांच्या वाट्याला बघण्याचं काम.

आणि काही ठिकाणी हा प्रश्न मुळी हौसेवर सोडलेलाच नाही. अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तपकिरी अस्वल, डाल जातीची रानमेंढी किंवा डोंगरी बकरा मारायचा असेल, तर परवानाधारक गाईड किंवा तिथं राहणारा जवळचा नातेवाईक बरोबर असावाच लागतो. वायोमिंगमधल्या काही राखीव रानांतही परराज्यातल्या शिकाऱ्याला मोठ्या जनावरामागं एकट्यानं जाता येत नाही. टांझानियात परवानाधारक व्यावसायिक शिकारी बरोबर असल्याशिवाय परदेशी पाहुण्याला शिकार करता येत नाही. यात जिवाची काळजी असते, आणि स्थानिकांच्या पोटापाण्याचा विचारही असतो. ते एक सोडून देऊ.

मला खरी गोष्ट सांगायचीय ती १९०२ सालची. नोव्हेंबर महिना. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कोलियर. गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस, आणि त्या दलदलीच्या मुलखात अस्वलाचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं अध्यक्षांना एका मोक्याच्या जागी बसवलं आणि स्वतः कुत्री घेऊन रानात घुसला. जेवणाची वेळ झाली तशी अध्यक्षांची मंडळी जागा सोडून तळावर परतली. नेमकं त्यानंतर अस्वल तिथं आलं. कुत्र्यांनी ते घेरलं, त्यानं एक कुत्रं मारलं. कोलियरला तर बजावलेलं होतं की अस्वल अध्यक्षांसाठी राखायचं. मग त्यानं बंदुकीचा दस्ता अस्वलाच्या डोक्यात हाणला, दोर टाकला आणि चक्क झाडाला बांधून ठेवलं. शिंग फुंकून अध्यक्षांना बोलावणं धाडलं. रूझवेल्ट आले, बांधलेलं जनावर बघितलं आणि गोळी घालायला साफ नकार दिला. अस्वल जखमी होतं, म्हणून त्याचे हाल थांबवा असं मात्र सांगितलं, आणि ते सुरीनं संपवण्यात आलं. या प्रसंगावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, त्यावरून ब्रुकलिनच्या एका दुकानदारानं कापडी अस्वल बनवलं, आणि रूझवेल्टना लोक 'टेडी' म्हणायचे म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. आज घराघरांत पोरं जो टेडी कुशीत घेऊन झोपतात तो इथून आला. सुरीचा भाग खेळण्याच्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

आता यात कोलियरचं काय चुकलं? माझ्या मते काहीही नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. "अस्वल द्या" म्हटलं, त्यानं दिलं, पार दोरीनं बांधून दिलं. कसबी वाटाड्याकडं निकाल मागितला की तो निकाल आणून देतो. मग त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे वास, माग, चुकलेली वाट, कंटाळा, धाकधूक, हे त्याच्याकडं राहतं आणि आपल्याला मिळतं ते बांधलेलं अस्वल. पुढं १९०७ साली रूझवेल्ट लुइझियानात पुन्हा अस्वलामागं गेले तेव्हाही कोलियर बरोबर होताच. कितीतरी दिवस अस्वलानं हुलकावण्या दिल्या आणि शेवटी बांबूच्या दाट बनात पायी घुसून त्यांनी ते मारलं. त्याही वेळी वाटाडे होते, कुत्री होती. पण त्या शिकारीला कुणी खोटी म्हटलं नाही. दोन्ही खेपेला मदत तितकीच होती. पहिल्या खेपेला फक्त शेवट विकत मागितला होता.

हा रोग अजून गेलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेले सिंह पैसे मोजणाऱ्याच्या समोर सोडायचा धंदा चालत आलाय. तिथं शिकार मिळण्याची हमी असते. ज्याची हमी देता येते त्याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्याकडचे खरे शिकारीही बहुतेकदा फोटोच्या कडेला उभे असायचे. साहेब मचाणावर, आणि खाली हाका उठवणारी गावची माणसं डबे बडवत रान झोडपत यायची. माग काढणारा, पाणवठा सांगणारा, बिबळ्या कुठल्या नाल्यानं उतरेल ते ओळखणारा गावचाच कुणीतरी. फासेपारध्यांचंच बघा. तित्तराची हुबेहूब शीळ घालून त्याला फाशात आणणं हे त्यांचं पिढीजात कसब. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला. पारध्यांनाही तो चुकला नाही. रानाची तीच विद्या साहेबाच्या पदरी असली की कौतुक, स्वतःच्या पोटासाठी वापरली की चोरी! १९५२ साली कायद्यानं तो शिक्का पुसला, लोकांच्या मनातून पुसायला अजून वेळ आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात आता पारधी समाजातले लोक पाहुण्यांना रानात पायी फिरवतात. केरळात पेरियारला एकेकाळी चोरून झाडांच्या साली काढणारे, जनावरं मारणारे लोक वाटाडे झाले. अशा माणसाबरोबर चालायला मिळणं यात आपलं काय कमी होतं, मला कळत नाही.

बरं, आता आपल्या नांदूरमध्यमेश्वरला येऊ. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. शंभरेक वर्षांत त्यामागं इतका गाळ साचला की पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या, आणि पाखरांची चंगळ झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, हेच. थंडीत तिथं चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, थापट्या येतात, क्रौंच येतात, आणि वारकरी पक्षी तर पाण्यावर बुक्का उधळल्यासारखे काळेकुट्ट पसरलेले असतात. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत आणि आसपासच्या गावातली पोरं गाईड म्हणून येतात.

त्यातल्या एकाबरोबर मी बऱ्याचदा फिरलोय. अंगकाठी किरकोळ, पायात रबरी चपला, गळ्यात माझ्यापेक्षा जुनी दुर्बीण. हा गडी बराच वेळ आकाशाकडं बघतच नाही. वारकऱ्यांकडं बघत बसतो. एकदा मी वैतागून विचारलं, "अरे, त्यांच्यात काय बघायचंय?" म्हणाला, "सर, थांबा ना जरा." थोड्या वेळानं विखुरलेले वारकरी एकमेकांकडं सरकायला लागले आणि बघता बघता त्यांचा एकच गच्च गोळा झाला. "आता वर बघा," म्हणाला. वर भोवत्या होता, पाणकणसांवरून हलके हलके हेलकावे घेत येणारा. शिकारी पक्षी मला कुणीही दाखवला असता. त्याची खबर पाण्यावर आधी कशी पोचते, ते त्यानं माझं मला बघू दिलं. दुर्बीण तर तो लगेच लावूच देत नाही. "आधी डोळ्यांनी शोधा सर, मग काच लावा."

त्याच्याकडं दुसरीही एक विद्या आहे, जी कुठल्या पक्ष्यांच्या पुस्तकात सापडायची नाही. वरच्या दारणा-गंगापूर धरणांतून आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं की बंधाऱ्यात पाणी चढतं, कालवे चालू राहिले आणि वरून पाणी थांबलं की उतरतं. उतरलं की गाळाची बेटं उघडी पडतात आणि शेकाटे, तुतवार असली चिखलात चोच खुपसणारी मंडळी तिथं सरकतात. त्यामुळं कालव्याचं आवर्तन कधी, हे त्याला पाटकऱ्याइतकंच ठाऊक असतं. घरची शेती आहे ना! आणि दिवस कलला की उसाच्या कडेनं चालू देत नाही. निफाडचा ऊस म्हणजे बिबट्याचं बाळंतपणाचं घर, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण याच पोराला मी वेगळ्याच रूपातही पाहिलंय. शहरातून एक गट आला. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "फ्लेमिंगो कुठं आहेत? दाखवलेस तर पाचशे जास्त." झालं. त्या दिवशी ना वारकरी, ना भोवत्या. पोरगं त्यांना घेऊन तरातरा निघालं, लांबवर गुलाबी ठिपके दाखवले, त्यांना फोटोत ते बारीक यायला लागले म्हणून आणखी पुढं नेलं, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. व्हायचं तेच झालं, सगळा थवा उठून गेला. फोटो मात्र झकास आले म्हणे. दोष कुणाला द्यायचा? ताडोब्यात तर प्रत्येक जिप्सीत गाईड असतोच, तरी एक माणूस तिथून रान बघून येतो आणि दुसरा नुसता वाघ मोजून येतो. दुसऱ्यानं "वाघ दिसला तर खूश करीन" असं आत शिरतानाच सांगितलेलं असतं. मग गाईड तरी काय करील? बाकी गाड्या जिथं जमल्या तिथं नेऊन उभं करील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे दिवसाचे ठरवावेत, जनावराचे ठरवू नयेत. दिवसाचे ठरवले की तो माणूस मोकळा होतो. थांबतो, बोलतो, माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणतो. जनावराचे ठरवले की त्याची घाई सुरू होते आणि आपल्याला त्या घाईचं गिऱ्हाईक व्हावं लागतं. बक्षीस द्यायचंच असेल तर काही दिसलं नाही त्या दिवशी द्या.

भाच्यालाही मी हेच सांगितलं. पहिल्या वर्षी गाईड घे, पण त्याला आधीच सांग की वारा मला ओळखू दे, माग मला काढू दे, चुकलो तर चुकू दे, फक्त कड्यावरून पडायला लागलो तर धर. रिकाम्या हातानं परत आलास तरी चालेल, हे त्याला तोंडानं बोलून दाखव, नाहीतर त्याला ते खरं वाटणार नाही. आणि हेही लक्षात ठेव की गोळी लागल्यावर खरं काम सुरू होतं. तीनशे किलोचं जनावर डोंगरात सोलून, तोडून, पाठीवर वाहून आणायचं असतं, मांस खराब व्हायच्या आत. त्या वेळी गाईडमुळं मजा गेली असं म्हणणारा मित्र दाखव मला. मित्रांना विचारायचंच असेल तर हे विचार की त्यांना त्या डोंगरातली वाट पहिल्यांदा कुणी दाखवली. बापानं किंवा काकानं दाखवली असेल तर तोही गाईडच, फक्त फुकटचा. तुझा बाप सिडकोतला, त्याला एल्कचं काय कळणार! तुला पैसे मोजावे लागतील.

एक गोष्ट मात्र गाईड घेणाऱ्यानं टाळू नये. घरी येऊन सांगताना "मी शोधलं" म्हणू नये. पाखरू त्यानं दाखवलं असेल तर त्याचं नाव घ्यावं, यादीत लिहावं. कोलियरसारखी माणसं इतिहासात कडेला राहिली ती अशाच मुखदुर्बळ कृतज्ञतेमुळं.

थंडी पडायला लागलीय. नांदूरला जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, उजाडायच्या आत पोचा, भडक कपडे नकोत. मनोऱ्यावर जाण्याआधीच पैशांचं बोलून घ्या, दिवसाचं. फ्लेमिंगोचा विषय काढूच नका; असले तर तो दाखवीलच. आणि येताना निफाडला चहाला थांबाल तेव्हा त्यालाही बरोबर घ्या, कारण कालव्याचं पुढचं आवर्तन कधी सुटणार आणि पुन्हा कधी यायचं, ते तो तिथंच सांगेल.

नमस्कार.