तिकिटाचा वरचा पैसा कोणाचा?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय 'देशोदेशीची तिकीटविक्री' असा छापलाय, आणि तो बरोबरच आहे, पण माझ्या डोक्यात गेली काही वर्षं एकच गोष्ट घोळतेय आणि ती आज मांडायचीच असं ठरवून आलेय. समजा एखाद्या मोठ्या गायकाचा कार्यक्रम आहे, हाउसफुल होणार हे शेंबड्या पोरालाही कळतंय. तिकीट छापलंय १०० चं, पण बाहेर असे हजारो लोक आहेत जे ४०० सुद्धा हसत हसत देतील. मग हे मधले ३०० कोणाचे? कलाकाराचे, हॉलवाल्याचे, तिकीट विकणाऱ्या कंपनीचे, ब्लॅकवाल्याचे, की ज्याला १०० मध्ये तिकीट मिळालं त्या माणसाचे? प्रत्येक देशाने याचं वेगळं उत्तर दिलंय आणि तिथली रांग, तिथली फी, तिथला कायदा सगळं त्या उत्तरातून आलंय. हे मी शेवटी नीट पटवून देणार आहे. आधी माझी एक कहाणी ऐका, ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकतच नाही.

२०१७ ची गोष्ट. परदेशात भाचीकडे राहायला गेले होते. माझ्या अतिशय आवडत्या एका पियानोवादकाचा कार्यक्रम त्याच महिन्यात होता, आणि याला समोर बसून ऐकायचं ही माझी फार जुनी इच्छा. कुठला देश, कुठली कंपनी ते सोडून द्या. विक्री सकाळी दहाला सुरू होणार म्हणून मी नऊ चाळीसलाच लॅपटॉप उघडून बसले. बरोबर दहाला स्क्रीनवर आलं, 'तुमच्यापुढे ११,४०२ जण आहेत.' खाली एक रेघ आणि रेघेवर चालणारा छोटा माणूस. तो माणूस पाऊल टाकतोय का हे मी तासभर बघत होते, आणि भाची मागून सारखी सांगतेय, मावशी रिफ्रेश करू नकोस गं, नंबर जाईल. चहा गार झाला, फोन वाजून बंद झाला, मी उठले नाही.

तासा-दीड तासाने एकदाचा नंबर लागला. हॉलचा नकाशा आला, रिकाम्या सीटा निळ्या ठिपक्यांच्या. ठिपक्यावर क्लिक केलं की तो राखाडी व्हायचा आणि 'ही सीट आता उपलब्ध नाही'. असं तीनदा झालं. चौथ्यांदा दोन सीटा हाती लागल्या आणि कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं, आठ मिनिटं, उलटी मोजणी. आता बघा, घड्याळ पळतंय म्हटल्यावर माणूस वाचत नाही, फक्त पुढे पुढे दाबत जातो. तिकिटाच्या किमतीवर आधी सर्व्हिस फी, मग हॉलची म्हणून वेगळी फी, मग ऑर्डरची फी, आणि सगळ्यात शेवटी तिकीट कसं हवं ते विचारलं. पोस्टाने हवं तर पैसे, ते ठीक, पोस्टमन यायचा असतो. पण 'घरी प्रिंट करा' याला सुद्धा पैसे! कागद माझा, शाई माझी, प्रिंटर भाचीचा, वीज भाचीची, आणि फी त्यांना. घड्याळात दीड मिनिट उरलेलं. भरले मी पैसे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज इथे उभी नसते. भाचीच्या प्रिंटरमधली काळी शाई संपत आलेली, तिकिटं छापली गेली पण बारकोडवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या. दारावरच्या मुलाने चार वेळा मशीन फिरवलं, वाचेना. बाजूला उभं राहा म्हणाला, साहेबांना बोलावतो. साहेब येईपर्यंत आतून पहिल्या रचनेचे सूर यायला लागले आणि ती पूर्ण रचना आम्ही दोघींनी बंद दाराबाहेर उभं राहून ऐकली. ज्याच्यासाठी सकाळभर त्या रेघेवरच्या माणसाकडे बघत बसले होते तो सूर मला दाराच्या फटीतून ऐकावा लागला. आजही सांगताना घसा दाटतो.

मी कंपनीला लांबलचक मेल लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्यात एक वाक्य असं होतं की आमच्या फीमधला काही हिस्सा हॉललाही जातो. बाकी मेल मी विसरले, हे वाक्य नाही विसरले. तिथून मी या विषयाच्या मागे लागले.

कारण या एका वाक्यात अमेरिकेतल्या तिकीट धंद्याचं सगळं मर्म आहे. टिकेटमास्टर ही कंपनी १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला सुरू झाली. तेव्हा मोठी कंपनी टिकेट्रॉन. फ्रेड रोझेन नावाचे वकील टिकेटमास्टर चालवायला आले आणि १९८० च्या दशकात त्यांनी हॉल आणि स्टेडियमवाल्यांना सांगितलं, तुम्ही आम्हाला काही देऊ नका, उलट ग्राहकाकडून आम्ही जी फी घेऊ त्यातला वाटा तुम्हाला देतो, बदल्यात तुमची सगळी तिकिटं फक्त आम्ही विकणार. कोण नाही म्हणेल? १९९१ मध्ये टिकेट्रॉन त्यांनी विकतच घेतली. म्हणजे फीला शिव्या पडतात कंपनीला, पण त्यातलं लोणी हॉलच्या वाटीतही पडतं. फी कमी करायला कोणी पुढे येत नाही याचं कारण हे. १९९४ मध्ये पर्ल जॅम या बँडने तिकीट १८ डॉलर आणि फी १ डॉलर ८० सेंट एवढीच ठेवायचा हट्ट धरला, ३० जूनला त्यांच्यातले दोघे अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्षीला बसले, आणि १९९५ मध्ये न्याय खात्याने टिकेटमास्टरची चालवलेली चौकशी बंद केली. पुढे २०१० मध्ये ही कंपनी कार्यक्रम भरवणाऱ्या लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली, म्हणजे कार्यक्रम भरवणारा तोच, तिकीट विकणारा तोच आणि बऱ्याच ठिकाणी हॉलही त्याचाच. २०१८ मध्ये तिथल्या सरकारी हिशेब तपासणी कार्यालयाने मोजलं तेव्हा फी सरासरी तिकिटाच्या २७ टक्के निघाली.

एक उदाहरण जवळून बघू. मार्च २०२३, द क्युअर हा बँड. त्यांनी मुद्दाम २० डॉलरची तिकिटं ठेवली, आपल्या चाहत्यांना परवडावीत म्हणून. एकाने चार घेतली, झाले ८० डॉलर. त्याच्यावर फी किती? सर्व्हिस फी दर तिकिटाला ११.६५, हॉलची १०, आणि ऑर्डरची ५.५०. करा बेरीज. ९२ डॉलर १० सेंट! मालापेक्षा हमाली जास्त. त्यांचे गायक रॉबर्ट स्मिथ भयंकर चिडले, कंपनीशी भांडले, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटांवर १० डॉलर आणि बाकीच्यांवर ५ डॉलर परत मिळवून दिले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. बहुतेक कलाकार हात झटकून मोकळे होतात.

आता ब्रिटनमध्ये बघा. तिथे कार्यक्रम भरवणारा प्रमोटर पुष्कळदा एकाच कार्यक्रमाची तिकिटं तीन-चार एजंटांना वाटून देतो. त्यामुळे एका साइटवर संपलं तरी दुसऱ्या साइटवर असू शकतं, आणि फी वेगवेगळी. आणि तिथे एक गमतीचा कायदा आहे. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय दुसऱ्याला विकणं १९९४ पासून गुन्हा आहे, गाण्याच्या कार्यक्रमाचं नाही. कारण पैसा नव्हे, मारामाऱ्या. दोन्ही संघांचे समर्थक वेगवेगळ्या स्टँडमध्ये बसवायचे असतात, ब्लॅकचं तिकीट घेऊन कोणी भलत्याच कळपात जाऊन बसला तर पोलिसांची पंचाईत.

जपानबद्दल मला थोडं सावकाश बोलू द्या, माझा जीव तिथे अडकलाय. तिथे मोठ्या कार्यक्रमाला धावाधाव नाही, सोडत असते. दहा वाजून एक सेकंदाला बटण दाबायची गरज नाही. अर्ज करायला काही दिवस देतात, त्यात कुठल्याही वेळी करा, पहिली पसंती दुसरी पसंती लिहा आणि शांतपणे झोपा. आधी फॅन क्लबच्या सभासदांची सोडत, मग तिकीट पिया, ई-प्लस, लॉसन टिकेट अशा कंपन्यांच्या सोडती, आणि उरलं तर शेवटी सगळ्यांसाठी विक्री. नंबर लागला की मेल येतो. मग कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जायचं, सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसन किंवा फॅमिलीमार्ट, काउंटरवर आपला क्रमांक सांगून मुदतीच्या आत पैसे भरायचे. मुदत चुकली की तिकीट गेलं. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी त्याच दुकानात तिकीट छापून मिळतं, आणि बरेचदा आपली सीट कुठली हे तेव्हाच कळतं! कागद दुकानाचा, शाई दुकानाची, बारकोडवर रेघ नाही. त्यालाही फी आहेच, दर तिकिटामागे काहीशे येन, पण ती आधीच लिहिलेली असते आणि कोणीतरी खरंच काम केलेलं असतं.

तिथे ब्लॅकवाल्याला 'दाफुया' म्हणतात. तिकिटाला किंवा चिठ्ठीला शब्द 'फुदा', तो उलटा केला की 'दाफु'. मला हा शब्द फार आवडतो, उलट्या तिकिटाचा धंदा. १४ जून २०१९ पासून त्यांच्याकडे कायदा आहे, आयोजकांच्या परवानगीशिवाय धंदा म्हणून जादा भावाने तिकीट विकलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळं सोन्यासारखं आहे असं नाही हं. नोंदणीला पुष्कळदा जपानी मोबाइल नंबर लागतो, बाहेरचा पाहुणा तिथेच अडकतो, आणि फॅन क्लबची वर्गणी भरणाऱ्याचा पाट आधी मांडला जातो. तरी सुद्धा त्या ३०० चं काय, तर जपान म्हणतं ते ज्याचं नशीब लागलं त्याचे, बाकी कोणाचेच नाहीत.

पाच मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आलीय. अरे देवा. मुख्य मुद्दा तर आता येतोय, पटपट सांगते.

अमेरिका म्हणते तिकीट ही वस्तू आहे, घेतलीस, तुझी झाली, हवी त्याला वीक. न्यूयॉर्क राज्यात तर दुसऱ्याच्या नावे करता येणारं तिकीट मिळण्याचा पर्याय ठेवावाच लागतो. त्यांनी बंदी घातली ती बॉट्सवर, २०१६ मध्ये, म्हणजे हाताने रांग लावलीस तर चालेल, यंत्राने नको. आणि मे २०२५ पासून नियम आला की पूर्ण किंमत फीसकट पहिल्यापासूनच दाखवायची. मी याचं मनापासून स्वागत करते, पण त्यात फी दिसते, कमी होत नाही. ३०० तिथे ब्लॅकवाल्याचे नाहीतर कंपनीचे.

दुसरं उत्तर, ३०० कलाकाराचे आणि प्रमोटरचे. मागणी वाढली की किंमत वाढवत न्यायची. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिस या ब्रिटिश बँडच्या तिकिटांना लोक तासन्‌तास रांगेत थांबले आणि नंबर आला तेव्हा १४८ पौंडांचं उभ्याचं तिकीट ३५५ च्या घरात गेलेलं. लोक खवळले ते किमतीपेक्षा यावर, की रांगेत उभं राहताना हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझं म्हणणं तेच आहे, रांग लावली की तुम्ही माणसाला शब्द दिलेला असतो.

तिसरं, युरोपात बरेच देश म्हणतात छापील किमतीच्या वर कोणीच विकायचं नाही. बेल्जियमचा कायदा २०१३ चा, आयर्लंडचा २०२१ चा, आयर्लंडमध्ये १ लाख युरोपर्यंत दंड किंवा २ वर्षं कैद. फ्रान्समध्ये २०१२ पासून परवानगीशिवाय वरचेवर तिकिटं विकणाऱ्याला १५,००० युरो दंड. ब्रिटन सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच वाटेने जायचं जाहीर केलंय. इटलीत जुलै २०१९ पासून ५,००० च्या वरच्या जागेत तिकिटावर नावच लागतं. चीनमध्ये २०२३ पासून ५,००० च्या वरच्या कार्यक्रमांना खऱ्या नावाने खरेदी, खऱ्या नावाने प्रवेश, आणि ८५ टक्के तिकिटं उघड विक्रीला ठेवावी लागतात, म्हणजे आतल्या आत वाटून टाकायला जागा कमी. कोरियात मार्च २०२४ पासून मॅक्रो, म्हणजे आपोआप बटणं दाबणारा प्रोग्रॅम, लावून घेतलेली तिकिटं विकणं गुन्हा. कोरियात या सगळ्याला शब्दच आहे, 'पिकेटिंग', रक्त सांडून केलेलं तिकिटिंग.

पण नाव बांधलं की परतीची खिडकी उघडी पाहिजे, हे मला ओरडून सांगायचंय. आजारी पडलेल्या माणसाने तिकीट फाडून टाकायचं का? त्याला ते छापील किमतीत अधिकृतपणे परत देता आलं पाहिजे आणि रांगेतल्या पुढच्याला मिळालं पाहिजे. नाव, सोडत आणि परतीची खिडकी, तिन्ही असतील तरच ते ३०० ऐकणाऱ्याकडे राहतात. यातली एक काढा, ते दुसऱ्याच्या खिशात गेलेच.

संपवते, संपवते. त्या घरी छापायच्या फीचं काय झालं ते राहिलं. जर्मनीतल्या एका राज्याच्या ग्राहक केंद्राने सीटीएस इव्हेंटिम या तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीवर याच फीसाठी दावा लावला होता, २ युरो ५० सेंट, घरी प्रिंट करायचे. माझी कंपनी ती नव्हती, तो देशही नव्हता. २३ ऑगस्ट २०१८ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ती फी रद्द ठरवली. यात टपाल नाही, पाकीट नाही, मग फी कसली? ही बातमी मी वाचली तेव्हा भाचीला फोन केला, आम्ही दोघी किती वेळ बोलत होतो कोण जाणे. ते पांढऱ्या रेघांचं तिकीट मी आज सोबत आणलंय. ज्यांना बघायचंय त्यांनी नंतर इथे टेबलापाशी या.