नाकाला क्लिप, छातीला पट्टा

नाशिकमध्ये मेडिकल म्हटलं की लोकांना हॉस्पिटल दिसतं, ओपीडीची लाईन दिसते, फार तर म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिसतं, ते पण रिझल्टच्या दिवशी. १९९८ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला अख्ख्या महाराष्ट्रातली मेडिकल कॉलेजं जोडलेली आहेत, त्यातल्याच एका कॉलेजात पहिल्या मजल्यावर फिजिऑलॉजीची, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते शिकवणाऱ्या विषयाची लॅब आहे आणि आज आपण तिथल्या माणसांना भेटणारोत. कॉलेजचं नाव टाकू नका असं तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी आधीच सांगितलंय. नाव आलं की परवानगी आली, परवानगी आली की फाईल आली, आणि मग हा व्हिडिओ थेट पुढच्या कुंभमेळ्याला रिलीज झाला असता.

या लॅबमध्ये श्वास मोजतात. खरं तर मोजतात ते छातीचं हलणं, पण बघायचा असतो मेंदू. मेंदूला हात न लावता, डोक्याला साधी वायरसुद्धा न लावता. जगात इतर ठिकाणी हेच काम मायक्रोस्कोपखाली चालतं, ते पुढे येईलच. इथे एक पट्टा, एक नाकाची क्लिप, एक स्टॉपवॉच आणि तीन माणसं.

पहिले मामा. मेडिकल कॉलेजात लॅब अटेंडंटला सगळे मामाच म्हणतात. मामांनी काजळीच्या ड्रमचा जमाना बघितलाय. म्हणजे एका गोल फिरणाऱ्या ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा, खाली ज्योत लावून त्याच्यावर काजळी धरायची, मग छातीला बांधलेल्या रबरी नळीतली हवा हलली की एक बारीक काडी त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची. नंतर तो कागद वार्निशमध्ये बुडवून वाळत घालायचा, कारण बोट लागलं की गेला श्वास पुसून. मामा म्हणतात, "काजळी माझ्या शर्टाला आणि मार्क पोरांना." आता पट्ट्यातून वायर जाते, रेघ कॉम्प्युटरवर येते. पण ड्रम त्यांनी टाकू दिला नाहीये, कपाटात आहे, आणि लाईट गेली की मामांचा चेहरा जरा खुलतो असं पोरं सांगतात.

(दृश्य: एक विद्यार्थी खुर्चीत, छातीला पट्टा, हातात पाण्याचा ग्लास)

आता हे बघा. मुलगा शांत बसलाय, रेघ वरखाली वरखाली चाललीये. मामा म्हणतात, "पी." त्याने घोट घेतला आणि रेघ सपाट झाली. अगदी क्षणभरच, मग परत चालू. त्याला विचारलं तू श्वास थांबवलास का, तर म्हणतो नाही हो, मी फक्त पाणी प्यायलो. आणि तो खोटं बोलत नाहीये. घशातून पाणी जाताना श्वासनलिका उघडी राहिली तर ठसका लागणार, म्हणून मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर जो देठासारखा भाग आहे त्याला मेड्युला म्हणतात, तिथे गिळण्याची आणि श्वासाची व्यवस्था शेजारीशेजारी बसलेली आहे आणि एक चालू झाली की दुसरी थांबते. मोठी माणसं बहुतेक वेळा श्वास सोडता सोडताच गिळतात. आयुष्यभर आपण जेवतो, चहा पितो, आणि दर घोटाला हा निर्णय आपल्याला न विचारता होतो. दरवर्षी फर्स्ट इयरची नवी बॅच येते, त्यात कोणीतरी एक जण ती सपाट रेघ बघून परत परत पाणी पीत बसतो. मॅडम म्हणतात तो पोरगा लक्षात ठेवायचा, तो फिजिऑलॉजीला येऊ शकतो. बाकीचे सगळे रेडिओलॉजीच्या मागे.

मॅडम म्हणजे दुसरं माणूस. त्यांचा आवडता प्रयोग अगदी बिनखर्ची आहे. नाक दाबा, श्वास रोखा, किती वेळ जमतं बघा. बहुतेक पोरं पाऊण-एक मिनिटात हात वर करतात. मग मॅडम विचारतात, का सोडलास? उत्तर ठरलेलं, ऑक्सिजन संपला. आणि मॅडम म्हणतात, नाही संपला. शांत बसलेल्या तरुण माणसाचा ऑक्सिजन एवढ्यात तरी संपत नाही. वाढत असतो तो कार्बन डायऑक्साइड. रक्तातला त्याचा दाब साधारण पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो, तो पन्नाशीकडे सरकला की मेड्युलातल्या पेशी असा काही तगादा लावतात की तुमच्या इच्छाशक्तीचं काही चालत नाही. श्वासाची लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात असते हे हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवलं, आणि हाल्डेन साहेब असे की प्रयोगासाठी स्वतःच बंद पेटीत बसून आपलीच सोडलेली हवा परत ओढायचे. गळ्यातल्या रक्तवाहिनीपाशी ऑक्सिजनचा पण एक पहारेकरी असतो, त्यावरच्या कामाला १९३८ चं नोबेल मिळालं, कॉर्नेल हेमान्स यांना. पण रोजच्या कारभारात त्याचा आवाज बारीक.

हे पुस्तकातलं वाटत असेल तर २०२१ ची कोरोनाची लाट आठवा. ऑक्सिजनची काय किंमत असते हे त्या एप्रिलनंतर नाशिकला वेगळं सांगायला नको. तेव्हा घरोघरी दिसलेली गोष्ट, ऑक्सिमीटरवर ऐंशीचा आकडा आणि पेशंट आरामात फोनवर बोलतोय, मला काय झालंय म्हणतोय. डॉक्टर पण चक्रावले होते. त्यात एक मोठं कारण हेच, फुप्फुसातून ऑक्सिजन नीट जात नव्हता पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, त्यामुळे गुदमरल्याची घंटा वाजतच नव्हती.

आणि दुसरी गोष्ट मॅडम दर बॅचला ओरडून सांगतात. गंगापूर धरणावर किंवा नदीत सूर मारायच्या आधी काही पोरं पंधरा-वीस जोरजोरात श्वास घेतात, म्हणजे जास्त वेळ पाण्याखाली राहता येईल. राहता येतं हे खरंय, पण ऑक्सिजन जास्त भरल्यामुळे नाही, तो आधीच जवळपास भरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड खाली गेल्यामुळे घंटा उशिरा वाजते, आणि कधी कधी घंटा वाजायच्या आधीच ऑक्सिजन इतका उतरतो की शुद्ध जाते. पाण्याखाली, काहीही त्रास न जाणवता. चांगल्या पोहणाऱ्याचं असंच होतं, कारण तोच हे करून बघतो.

आता मायक्रोस्कोपवाल्यांकडे जाऊ, थोडक्यात. १८११-१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये लेगालोआ नावाच्या डॉक्टरने सशांवर प्रयोग करून दाखवलं की मेड्युलाचा एक लहानसा तुकडा गेला की श्वास बंद. पण नेमकी लय कुठे तयार होते हे कळायला १९९१ उजाडलं. जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या मेड्युलाची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची चकती कापली, पोषक द्रवात ठेवली, आणि ती चकती, फुप्फुस नाही, छाती नाही, काही नाही, तरी श्वासाची लय देत राहिली. जिभेकडे जाणाऱ्या नसेच्या तुटक्या टोकातून ती मोजली. त्या जागेचं नाव प्रीबॉट्झिंगर कॉम्प्लेक्स, कारण तिच्या शेजारच्या भागाला फेल्डमन यांनी जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावरच्या वाईनच्या बाटलीवरून 'बॉट्झिंगर' नाव दिलेलं. शोध आपल्याकडे लागला असता तर मेंदूत एखादा गंगापूर कॉम्प्लेक्स असता, चालायचंच. पुढे २००८ मध्ये जाग्या उंदरांमध्ये तिथल्याच ठराविक पेशी गप्प केल्या तर श्वास थांबला, म्हणजे ही जागा नुसती चकतीत नाही, खऱ्या जिवातही लागते. अफूच्या जातीची औषधं जास्त झाली की श्वास मंदावतो त्यातही या जागेचा हात असतो.

मॅडम मात्र या यादीत एक नाव सगळ्यात आधी घेतात, औतार सिंग पेंटल. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधले. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना लागून असलेले मज्जातंतूंचे शेवट त्यांनी १९५५ च्या सुमारास शोधले, आज जगभर त्यांना 'जे-रिसेप्टर' (इंग्रजी J) म्हणतात. फुप्फुसात पाणी साचायला लागलं की हे चेतवले जातात आणि श्वास भराभर, उथळ होतो. मॅडमचा मुद्दा असा की एक एक मज्जातंतू सुटा करून त्याचे सिग्नल ऐकणं हे हातांचं काम आहे, मशीनचं नंतर. हे आम्हाला पटलं, कारण तेव्हा मामा शेजारी उभे राहून पट्ट्याचं ढिलं झालेलं बक्कल दोऱ्याने शिवत होते.

प्राणायामाचा प्रश्न आम्हीही विचारला, न विचारून कसं चालेल. लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये १९२४ पासून यावर प्रयोग झालेत, १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून त्यांचा ऑक्सिजन वापर मोजला होता आणि तो खाली आलेला दिसला. २०१७ मध्ये उंदरांत असंही दिसलं की प्रीबॉट्झिंगरमधल्या थोड्याशा पेशी मेंदूच्या जागं ठेवणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या आहेत, त्या काढल्या तर उंदीर निवांत होतात. मग मॅडम आमच्याकडे बघून म्हणाल्या, "उंदीर निवांत झाला म्हणून तुम्ही लगेच थंबनेलवर अनुलोम-विलोम टाकू नका." टाकलं नाहीये.

तिसरी, एमडीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. तिच्या थीसिसचा विषय घरातूनच आलाय. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात. डावणी-भुरीची बुरशीनाशकं वेगळी, पण उडद्या, मिलीबगसाठी वापरलेल्या काही कीटकनाशकांत ऑरगॅनोफॉस्फेट जातीची रसायनं असतात. एक्स्पोर्टवाले रेसिड्यूच्या, म्हणजे द्राक्षात उरणाऱ्या औषधाच्या धाकाने जपून असतात, बाकी सगळीकडे तसं नसतं. शरीरात नसेने स्नायूला निरोप दिला की तो निरोप पुसायला एक एन्झाइम असतं, कोलिनएस्टरेज, आणि ऑरगॅनोफॉस्फेट नेमकं तेच बंद पाडतं. म्हणजे नळ चालूच आणि बंद करणारा माणूसच गायब. तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, फुप्फुसात स्राव, स्नायू थकून ढिले, आणि त्यातच मेड्युलातलं श्वासाचं केंद्र पण मंदावतं. एकाच वेळी सगळीकडून कोंडी, म्हणून अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध आणि व्हेंटिलेटर, दोन्ही वेळेवर लागतात.

पण ती विषबाधेचे पेशंट बघत नाहीये. तिला बघायचेत ते रोज पंप चालवणारे, ज्यांना काहीच झालेलं नाही असे. सीझनमध्ये आणि सीझननंतर त्यांचा शांत बसल्यावरचा श्वास, श्वास रोखायचा वेळ, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद बघायची टेस्ट) आणि रक्तातलं कोलिनएस्टरेज, आणि तुलनेला त्याच गावातले न फवारणारे लोक. काही निघेल का, यावर मॅडम आणि तिचं जमत नाही. मॅडम म्हणतात श्वास रोखायचा वेळ माणसाच्या जिद्दीवर पण असतो, शेतकरी जिद्दीला कमी नाही, आकडे पसरट येतील. ती म्हणते म्हणून तर एकाच माणसाचं सीझनमध्ये आणि नंतर दोन्हीकडे घ्यायचं, स्वतःचीच स्वतःशी तुलना. आमचं मत विचाराल तर पोरीचं बरोबर आहे, पण गाईड मॅडम आहेत.

एथिक्स कमिटीची मंजुरी आलीये. संमतीचा फॉर्म मराठीत आहे आणि तो मामांनी आधी वाचून "हे वाक्य आमच्या भावाला कळणार नाही" म्हणून दोनदा परत पाठवलाय, हे तिने स्वतः सांगितलं.

फवारणी करणारे कोणी येणार असाल तर एवढं बघा. सकाळी यायचं, पोटभर खाऊन नाही, त्या दिवशी तंबाखू-बिडी नको आणि चहा टेस्ट झाल्यावर. अंगात सैल शर्ट. तोंडात धरायची नळी प्रत्येकाला नवी मिळते. दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी सांगायचं, मग श्वास रोखायचा भाग करत नाहीत. मध्येच नको वाटलं तर क्लिप काढून उठायचं, कोणी काही म्हणत नाही, आणि रक्ताचा रिपोर्ट तुमचा तुम्हाला मिळतो.